हळदीचं दूध, अश्वगंधाच्या गमीज आणि जर्मनीहून आलेली बाटली

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार.

माझे मिस्टर (वय ३९) एका सहकारी बँकेत वसुली विभागात आहेत. मार्चएन्डनंतर त्यांचं सगळंच बिघडलं. रात्री तीनला जाग यायची ती पुन्हा झोप नाही. जेवण कमी, बोलणं जवळजवळ बंद. श्रावणात एकदा गाडी रस्त्याच्या कडेला लावून रडत बसले होते. ओळखीच्या एकांनी पाहिलं आणि मला फोन केला. मग सांगलीला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. ताणातून आलेलं डिप्रेशन आहे म्हणाले. एस्सिटॅलोप्रॅम १० एमजी सुरू करून अडीच महिने झाले. आता झोप लागते, बँकेत जातात, पोरांचा अभ्यास घेतात.

पण सासूबाईंना या गोळ्या मान्य नाहीत. ‘डोक्याच्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत’ असं त्यांचं रोज चालतं. माझे दीर जर्मनीत असतात. दिवाळीला आले तेव्हा त्यांनी सेंट जॉन्स वर्टची बाटली आणली. तिकडे डॉक्टरच देतात, झाडपाल्याचं आहे, काही होत नाही म्हणाले. शेजारच्या वहिनींनी अश्वगंधाच्या गमीज दिल्या. घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय, हळदीतलं करक्युमिन डिप्रेशनच्या गोळीइतकंच काम करतं म्हणे. मिस्टरांनाही आता गोळी बंद करून हे सुरू करायचंय. म्हणतात, ‘या गोळीने मी लाकूड झालोय.’ आणि खरं सांगायचं तर आमच्यातही पूर्वीसारखं काही राहिलेलं नाही. त्यांना थायरॉइडची गोळीही चालू आहे.

झाडपाल्याने निदान नुकसान तरी होणार नाही ना? आणि ती बाटली मी घेतली तर चालेल का? मलाही हल्ली फार थकवा येतो.

— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी बाटलीचं बघू. सील फोडलं नसेल तर तशीच कपाटात वर ठेवून द्या. एस्सिटॅलोप्रॅम चालू असताना मिस्टरांनी त्यातली एखादी गोळी घेतली असेल, तर आजपासून ती बंद, आणि उद्या तुमच्या डॉक्टरांना फोन करून तसं सांगा. घेतल्यानंतर ते एकदम बेचैन झाले, दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरायला लागले, जुलाब, ताप, छातीत धडधड, बोलण्यात असंबद्धपणा, असं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता मोठ्या दवाखान्यात न्यायचं. बाटली सोबत न्यायची. दोन्ही औषधं सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काम करतात, आणि एकत्र घेतली की त्याचा अतिरेक होऊ शकतो. त्याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. प्रत्येकाला होतो असं नाही, पण ज्याला होतो त्याच्या जिवावर बेतू शकतं.

एस्सिटॅलोप्रॅमही आपल्या मनाने बंद करायचं नाही. ते का, हे खाली येईलच.

आता त्या वनस्पतीवर मला अन्याय करायचा नाही. तुमचे दीर खोटं बोललेले नाहीत. सेंट जॉन्स वर्ट म्हणजे हायपेरिकम परफोरेटम, पिवळ्या फुलांचं युरोपातलं झुडूप. जर्मनीत त्याला योहानिसक्राउट म्हणतात आणि तिथले डॉक्टर ते सौम्य ते मध्यम डिप्रेशनसाठी चिठ्ठीवर लिहून देतात. डिप्रेशनसाठी जितक्या वनस्पती आजवर तपासल्या गेल्या, त्यांत सगळ्यात जास्त माणसांवर तपासलेली हीच. २००८ मध्ये कॉक्रेन या संस्थेने २९ चाचण्या आणि सुमारे ५,५०० रुग्णांचा एकत्रित आढावा घेतला. खोट्या गोळीपेक्षा (तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी) हिचा गुण जास्त, नेहमीच्या डिप्रेशनच्या गोळ्यांइतकाच, आणि दुष्परिणाम कमी, असं त्यात निघालं. मात्र त्याच आढाव्यात एक खोच होती. जर्मन भाषा बोलल्या जाणाऱ्या देशांतल्या चाचण्यांचे निकाल इतर देशांपेक्षा अधिक चांगले होते. अमेरिकेत ३४० रुग्णांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर ही वनस्पती मुख्य मोजमापावर खोट्या गोळीच्या पुढे गेलीच नाही. गंमत अशी, की त्याच चाचणीत तुलनेला ठेवलेलं सर्ट्रालिन, म्हणजे आपल्याकडेही रोज लिहिलं जाणारं औषध, तेही त्या मोजमापावर पुढे गेलं नाही. डिप्रेशनच्या चाचण्या अशाच अवघड असतात. कुणीतरी दर आठवड्याला बसवून नीट विचारपूस करतंय, एवढ्यानेही माणसं सुधारतात, आणि मग औषधाचा वाटा किती हे वेगळं काढणं कठीण जातं.

म्हणजे औषध आहे. आणि औषध आहे म्हणूनच धोका आहे. या झाडातलं हायपरफोरिन नावाचं द्रव्य यकृताला जणू कामाला जुंपतं. औषधं फोडून शरीराबाहेर काढणारी जी विकरं यकृतात असतात, ती वाढतात. मग माणूस घेत असलेली दुसरी औषधं रक्तात टिकतच नाहीत. २००० साली झुरिकच्या डॉक्टरांनी हृदयप्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांची हकीकत छापली. दोघांचं नवं हृदय शरीर नाकारू लागलं होतं. कारण शोधताना कळलं, की दोघेही मन हलकं राहावं म्हणून सेंट जॉन्स वर्ट घेत होते आणि त्यामुळे सायक्लोस्पोरिनची, म्हणजे शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून देतात त्या औषधाची, रक्तातली पातळी घसरली होती. ती वनस्पती बंद केली आणि पातळी पुन्हा वर आली. त्याच वर्षी एचआयव्हीच्या एका औषधाची पातळी या वनस्पतीमुळे निम्म्याहून खाली आल्याचंही प्रसिद्ध झालं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन, काही फिटची औषधं, गर्भनिरोधक गोळ्या, ही सगळी या यादीत येतात. वनस्पती बंद केल्यावरही हा परिणाम ओसरायला साधारण दोन आठवडे लागतात. जर्मनीतला डॉक्टर चिठ्ठी लिहिण्याआधी हे सगळं विचारतो. बॅगेतून आलेली बाटली काही विचारत नाही.

आता तो हळदीचा व्हिडिओ. त्यामागचं संशोधन बहुधा मला माहीत आहे, कारण ‘हळद म्हणजेच डिप्रेशनची गोळी’ हा मथळा जिथून निघाला तो अभ्यास आपल्या शेजारच्या गुजरातेतला, भावनगरच्या सरकारी मेडिकल कॉलेजातला आहे. २०१४ मध्ये तो छापून आला. डिप्रेशनच्या ६० रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला फ्लुओक्सेटिन ही डिप्रेशनची नेहमीची गोळी, २० एमजी, दुसऱ्याला रोज १,००० एमजी करक्युमिन, तिसऱ्याला दोन्ही. सहा आठवड्यांनी फ्लुओक्सेटिनच्या गटात ६४.७ टक्के लोकांना चांगला गुण आला, करक्युमिनच्या गटात ६२.५ टक्के, दोन्ही घेणाऱ्यांत ७७.८ टक्के. व्हिडिओवाल्याने पहिले दोन आकडे उचलले आणि निकाल लावून टाकला.

पण जरा जवळ जाऊन बघा. एकेका गटात जेमतेम वीस माणसं. खोट्या गोळीचा गट नाहीच, त्यामुळे काहीच न देता किती सुधारले असते हे कळायला मार्ग नाही. आत्महत्येचे विचार येणारे रुग्ण घेतलेलेच नव्हते. आणि तिन्ही गटांतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकण्याइतका नव्हता, म्हणजे तो ७७.८चा आकडाही योगायोग असू शकतो. त्या डॉक्टरांनी काही चुकीचं केलेलं नाही. पहिला, छोटा, प्रामाणिक अभ्यास असाच असतो. त्यानंतर इतर देशांतही छोटे अभ्यास झाले आणि करक्युमिनचा थोडा उपयोग असावा असं त्यातल्या बऱ्याच जणांनी म्हटलं. ‘थोडा उपयोग असावा’ हे वाक्य ग्रुपवर फॉरवर्ड होत नाही, एवढंच.

शिवाय १,००० एमजी करक्युमिन म्हणजे हळदीचं दूध नव्हे. आपल्या हळदीत करक्युमिन साधारण तीन टक्के. चहाचा एक चमचा हळद तीन ग्रॅम धरली तर त्यात ९० एमजी आलं. म्हणजे त्या अभ्यासाच्या मात्रेसाठी रोज अकरा चमचे हळद खावी लागेल. सांगलीची पेठ खूश होईल, पोट होणार नाही. त्यात करक्युमिन आतड्यातून रक्तात फारच कमी शिरतं. म्हणून कॅप्सूलवाले त्यात मिऱ्यातलं पायपरिन घालतात. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात १९९८ मध्ये दाखवलं गेलं, की पायपरिन सोबत दिलं तर माणसाच्या रक्तातलं करक्युमिन वीस पटींनी वाढतं. पण पायपरिन हा फरक फक्त करक्युमिनपुरता करत नाही, इतर काही औषधांचीही रक्तातली पातळी वाढवतं. शिवाय अशा जास्त शोषल्या जाणाऱ्या हळदीच्या कॅप्सूलनंतर यकृताला सूज आल्याच्या नोंदी इटलीत इतक्या झाल्या, की २०२२ मध्ये तिथल्या सरकारने पाकिटावर इशारा छापायला लावला. भाजीतली हळद, दुधातली हळद खुशाल चालू ठेवा. सासूबाई रात्री मायेने दूध देत असतील तर ते थांबवायचं कारणच नाही. कॅप्सूल मात्र नको.

अश्वगंधाची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि इथे मला सगळ्यात जास्त गल्लत दिसते. हैदराबादेत ६४ जणांवर एक चाचणी झाली, २०१२ मध्ये छापली. मुळाचा अर्क ३०० एमजी, दिवसातून दोनदा, ६० दिवस. ताण मोजणाऱ्या प्रश्नावलीतले आकडे उतरले, रक्तातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन उतरलं, खोट्या गोळीपेक्षा स्पष्टपणे जास्त. नंतरच्या काही चाचण्यांतही असंच दिसलं. पण ती माणसं ताणलेली होती, डिप्रेशनची रुग्ण नव्हती. ताणाशिवाय दुसरा मानसिक आजार असणाऱ्यांना त्यात घेतलंच नव्हतं. ताण आणि डिप्रेशन यांचं नातं जवळचं आहे. महिनोन्‌महिने ताण राहिला की कॉर्टिसॉलची यंत्रणा बिघडते, झोप मोडते, मेंदूतल्या आठवणींशी आणि भावनांशी निगडित भागांवर परिणाम होतो, आणि काही माणसं त्या उतारावरून डिप्रेशनमध्ये घसरतात. तुमचे मिस्टर तसेच घसरले. पण घसरून खाली पोचलेल्या माणसाला, घसरू नये म्हणून तपासलेलं औषध पुरतं, असं कुणी दाखवलेलं नाही.

दुसरं, त्यांचं थायरॉइड. अश्वगंधा थायरॉइडचे हार्मोन वाढवू शकते. थायरॉक्सिनची गोळी चालू असलेल्या माणसाला त्याने धडधड, घाम, झोप उडणं असं होऊ शकतं आणि मग सगळे म्हणतात, आजार पुन्हा उलटला. तिसरं, यकृत. आइसलंड आणि अमेरिकेतल्या पाच रुग्णांना अश्वगंधा घेतल्यानंतर कावीळ झाल्याची नोंद २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातले चौघे बरे झाल्याची नोंद आहे, पण काहींना बरं व्हायला महिने लागले. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. ती बंदी अतिरेकी आहे असं आपल्याकडच्या अनेक तज्ज्ञांचं म्हणणं आहे आणि मलाही ते बरंचसं पटतं. पण गमीजच्या डबीवर मूळ किती, अर्क किती, कशाचा, हे वाचून बघा. बहुतेकदा फळाची चव आणि साखर एवढंच ठळक दिसतं. वहिनींना आभार सांगा आणि डबी परत करा.

केशराचंही कुणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगून ठेवतो. तेहरानच्या डॉक्टरांनी २००४ पासून रोज ३० एमजी केशराच्या छोट्या छोट्या चाचण्या केल्या, इमिप्रॅमिन आणि फ्लुओक्सेटिनशी तुलना केली, आणि निकाल उत्साह वाढवणारे आहेत. तीस-चाळीस माणसं, सहा आठवडे, एवढाच जीव त्यांचा. बाजारातल्या केशरात करडईच्या पाकळ्या रंगवून मिसळतात, हे वेगळं.

या सगळ्याच्या मागे आणखी शेकडो वनस्पतिद्रव्यं रांगेत आहेत. दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या द्रव्याची ‘डिप्रेशनवर गुणकारी’ अशी बातमी येते. त्यातल्या बहुतेक बातम्यांमधला रुग्ण उंदीर असतो. उंदराला काही आठवडे त्रास देतात. कधी पिंजरा तिरका करतात, कधी गादीचा भुसा ओला ठेवतात, कधी रात्रभर दिवा चालू. मग त्याच्यापुढे दोन बाटल्या ठेवतात, एकीत साधं पाणी, दुसरीत साखरेचं. निरोगी उंदीर साखरेचं पाणी पितो. छळलेल्या उंदराला गोडाचं काहीच वाटेनासं होतं. औषध दिल्यावर तो पुन्हा गोड पाण्याकडे वळला, की द्रव्य पुढच्या पायरीवर. ही पद्धत चांगली आहे, तिच्याशिवाय नवं औषध सापडणार नाही. पण वसुलीला गेलेल्या ठिकाणी शिव्या खाऊन, संध्याकाळी साहेबाची बोलणी खाऊन घरी येणाऱ्या माणसाचं दुखणं त्या दोन बाटल्यांत मावत नाही. उंदरांत पास झालेली बरीच औषधं माणसांत नापास होतात.

सासूबाईंना ‘हे केमिकल, ते झाडपाल्याचं’ असं वाटतं त्यात त्यांचा दोष नाही. त्यांच्यासाठी एक आपल्या मुंबईचीच गोष्ट सांगतो, त्यांना जरूर वाचून दाखवा. सर्पगंधा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती, वेड लागलेल्या माणसाला शांत करण्यासाठी आणि इतर अनेक दुखण्यांवर. १९३१ मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाबावर आणि मानसिक आजारावर चालते असं लिहिलं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी तिच्यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि १९४९ मध्ये रक्तदाबाच्या ५० रुग्णांचे निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. सगळ्या जगाने वळून पाहिलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातलं रेसरपिन वेगळं काढलं गेलं, आणि १९५७ मध्ये वकीलांना अमेरिकेतला मानाचा लास्कर वैद्यकीय पुरस्कार मिळाला.

आणि मग लक्षात आलं, की रेसरपिन घेणारे रक्तदाबाचे काही रुग्ण, विशेषतः मोठी मात्रा घेणारे, उदास होऊ लागलेत. काहींचं डिप्रेशन गंभीर होतं. पुढे कळलं, की रेसरपिन मेंदूतले सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन यांचे साठे रिकामे करतं. डिप्रेशन आणि सेरोटोनिन यांचा संबंध असावा ही कल्पना ज्या धाग्यांतून विणली गेली, त्यातला एक धागा हा. (रेसरपिनचा दोष तेव्हा वाटला तितका मोठा होता का, यावर आता शंका घेतली जाते, तो वाद चालू आहे.) म्हणजे मिस्टरांच्या गोळीच्या इतिहासात आपली सर्पगंधा आहे. झाडातून आलेल्या औषधाने जग बदललं आणि झाडातून आलेल्याच औषधावर माणसांची मनं काळवंडवल्याचा आरोप झाला. झाड कुठलंही असो, त्यातलं द्रव्य, मात्रा आणि घेणारा माणूस, एवढंच शरीर ओळखतं.

मात्र ताई, तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हळदही नाही आणि बाटलीही नाही. ‘मी लाकूड झालोय’, आणि त्याच्यापुढचं तुमचं वाक्य. मला वाटतं, मिस्टरांना झाडपाल्याची ओढ नाही. त्यांना या दोन गोष्टींपासून सुटका हवी आहे आणि ते कुणाला सांगता येत नाही, म्हणून बाटलीचा आधार घेतलाय.

हे दोन्ही एस्सिटॅलोप्रॅमचे माहीत असलेले दुष्परिणाम आहेत. दुःख कमी होतं त्याबरोबर आनंदही बोथट होतो, डोळ्यांत पाणीच येत नाही, असं बरेच लोक सांगतात. आणि पतिपत्नीच्या संबंधांत इच्छा कमी होणं किंवा वीर्यस्खलनाला फार वेळ लागणं, हे तर इतकं सर्रास दिसतं, की डॉक्टरांनी आपणहून विचारायला हवं. ओपीडीत बाहेर रांग लागलेली असते, रुग्ण लाजतो, डॉक्टर घाईत असतो, आणि विषय राहून जातो. पुढच्या वेळी मिस्टरांनी एवढंच म्हणावं: ‘डॉक्टर, झोप आणि काम सुधारलंय, पण गोळी सुरू झाल्यापासून लैंगिक इच्छा गेलीय आणि काहीच जाणवत नाही.’ त्यांना जमत नसेल तर कागदावर लिहून पुढे सरकवावं. मी असे कागद पुष्कळ वाचले आहेत, त्यात ओशाळण्यासारखं काही नसतं.

जाण्याआधी दोघांनी एक आठवून बघा. हे केव्हा सुरू झालं? एप्रिल ते श्रावण या काळातच झालं असेल तर तो आजाराचाच भाग असू शकतो, कारण डिप्रेशनमध्ये इच्छा आधी मरते. गोळीनंतर झालं असेल तर गोळीकडे बोट दाखवता येईल. आणि थायरॉइडची तपासणी शेवटची कधी झाली? टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीतला आकडा, वर गेलेला असेल तर उदासी, थकवा, इच्छा कमी, सगळंच होतं. तो रिपोर्ट नवा काढून न्या. डॉक्टर मग मात्रा कमी करतील, दुसऱ्या गटातलं औषध देतील किंवा जोडीला काही देतील. बुप्रोपियॉन, मिर्टाझपिन यांसारख्या औषधांत हा त्रास कमी असतो. कुठलं योग्य ते त्यांना तपासून डॉक्टरांनीच ठरवायचं.

आणि एस्सिटॅलोप्रॅम एकदम का बंद करायचं नाही, तर असं केल्यावर चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं, चिडचिड, भयंकर स्वप्नं असं काही दिवस किंवा आठवडे होऊ शकतं. यालाच लोक ‘गोळी सुटत नाही’ म्हणतात. दारूसारखी तलफ येत नाही, मात्रा वाढवत न्यावी लागत नाही, म्हणून हे व्यसन नव्हे. हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी केली की बहुतेकांची सुटते. मात्र केव्हा कमी करायची? पूर्ण बरं वाटायला लागल्यानंतरही साधारण सहा महिने चालू ठेवतात. अडीच महिन्यांत, अर्धवट बरं झालेलं असताना सोडली तर आजार उलटण्याची भीती जास्त. तेही मार्चएन्ड तोंडावर आलेला असताना.

गोळी मार्चएन्ड पुढे ढकलत नाही. औषध कुठलंही घेतलं, आयुर्वेदिक किंवा ॲलोपॅथिक, तरी तीच वसुलीची यादी, तेच फोन, त्याच शिव्या राहणार असतील तर ताण येत राहणार. शाखाधिकाऱ्यांशी बोलून वसुलीतून काही महिने बाजूला होता येतं का, निदान एकट्याने घरोघर जाणं टाळता येतं का, हे आत्ताच बघा, फेब्रुवारीत नको. त्या भागात समुपदेशक असतील तर बोलण्याचा उपचारही सुरू करा. मध्यम डिप्रेशनमध्ये तो गोळीच्या तोडीचा ठरतो, आणि दोन्ही मिळून सगळ्यात चांगला. रोज सकाळी अर्धा-पाऊण तास भराभर चालणं, याला मी औषधच म्हणतो.

मिस्टरांचा आयुर्वेदावर मनापासून विश्वास असेल तर तो मोडू नका. नोंदणीकृत वैद्यांकडे जा, पण एस्सिटॅलोप्रॅम आणि थायरॉक्सिनची चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवा. त्यांनी काही दिलं तर ती चिठ्ठी मानसोपचारतज्ज्ञांपुढे ठेवा. लपवाछपवी झाली की दोन्हीकडचे डॉक्टर अंधारात औषध देतात. पुढच्या भेटीला बाटली, गमीज, कुणी दिलेलं चूर्ण, सगळं एका पिशवीत घालून न्या. एक प्रश्न मात्र तुम्ही मिस्टरांना आजच शांतपणे विचारा: जगणं नको वाटतं का, जिवाचं काही बरंवाईट करावं असे विचार येतात का? विचारल्याने विचार येत नाहीत. उत्तर हो आलं तर भेटीची तारीख न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

आता तुमचं. ती बाटली तुम्हीही घ्यायची नाही. तुम्ही गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर सेंट जॉन्स वर्टमुळे त्या निकामी होऊ शकतात, आणि नको असताना दिवस गेलेल्या बायकांच्या नोंदी आहेत. घेत नसाल तरीही नको, कारण थकवा कशाचा हेच अजून कळलेलं नाही. हिमोग्लोबिन, टीएसएच, बी १२ आणि साखर, एवढ्या तपासण्या आधी करून घ्या. त्यातून काही निघालं तर उपाय सोपा आहे. काही निघालं नाही, तर गेले आठ महिने घर, पोरं, सासूबाई आणि आजारी नवरा तुम्ही एकट्याने सांभाळलंय, हेही थकव्याचं पुरेसं कारण आहे. मिस्टरांच्या पुढच्या भेटीच्या दिवशी स्वतःच्याही नावाचा केसपेपर काढा. तोवर बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी फोन आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतूनही. तो फक्त रुग्णांसाठी नसतो. सासूबाई झोपल्यावर करा हवं तर.